हिरव्या खांबांची राख

धुळे, २१ सप्टेंबर १९९७

चि. सुंदर,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड. अक्षर तू ओळखलंच असशील. पण फाडण्याआधी दारात उजेडाला जा आणि आपले तळहात बघ. नुसते बघू नको, एका हाताच्या अंगठ्याने दुसरा तळवा चाचपून बघ. कातडीखाली ज्वारीचे दाणे पेरल्यासारखं काही लागतं का? तळपायाला लागतं का? मग पाठ कुणाला तरी दाखव. धुरळ्यावर पावसाचे चार थेंब पडून गेले की जमीन कशी ठिपक्याठिपक्यांची दिसते, तसे डाग आहेत का?

असतील तर इटारसीत कातडीचा चांगला डॉक्टर गाठ आणि त्याला एकच शब्द सांग. सोमल. बाकी तो विचारेल.

तुझा आताचा पत्ता मंजुळाबाईने दिला. आपल्या शेजारच्या वनाभाऊची बायको मंजुळाबाई. ती उज्जैनला जाताना तुला स्टेशनात भेटली म्हणे. तू तिला चहा पाजलास, पण माहेरचं एक अक्षर विचारलं नाहीस. तुला लेक आहे, तिचं नाव मंदा, ती कॉलेजात जाते, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

वनाभाऊ गेले. आवार बंद पडल्यावर ते सोनगीरला मेव्हण्याकडे राहायला गेले होते, तिथेच वारले. आधी तळहाताला दाणे आले, ते घट्टे आहेत असं सगळे म्हणाले. मग टाचेला जखम झाली, ती भरेना. मग पाय कापला. त्यांच्या आधी नाना गेले, ते तुला कळवलं होतं. तीन वर्षांपूर्वी माय गेली. तेव्हाही तार केली होती. मायला लघवीतून रक्त जात होतं आणि तिच्या तळव्यांना शेवटी इतकी कठीण साल आली होती की भाकरी थापताना आवाज यायचा.

एकेक करून आपल्या आवारातली माणसं चालली आहेत, सुंदर. कुणी सोनगीरला, कुणी एरंडोलला, कुणी सुरतेला. आवार सोडून पंचवीस वर्षं होत आली. कुणाचं पाणी एक नाही, कुणाचं अन्न एक नाही. तरी सगळ्यांना तेच होतंय. मंजुळाबाई म्हणते, "आवार बठ्ठास्ले वळखस. जो तठे ऱ्हायना त्याले सोडत नई."

मी शाळेत मुलांना शिकवते, भूताखेतांवर माझा विश्वास नाही. पण आवार सगळ्यांना ओळखतं, कुणाला सोडत नाही, असं ती बोलली तेव्हा दुपार होती आणि माझ्या अंगावर काटा आला.

हात बघ. आणि कळव.

तुझी
अक्का


धुळे, ९ नोव्हेंबर १९९७

चि. सुंदर,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला पोचलं. उत्तर नाही, तेही समजलं. मी लिहीत राहणार. तुझी मंदा हे वाचत असेल तर तिला काही कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते, कारण तू तिला काही सांगितलं नसशील.

मंदा, तुझे आजोबा, तोताराम नाना, पाचोऱ्याच्या बाहेर भंवरलाल शेठच्या खांबांच्या आवारात कामाला होते. गावोगाव वीज येत होती तेव्हा तारांसाठी लाकडी खांब लागायचे. खांब वाळवीने खाऊ नयेत म्हणून ते एका लांब लोखंडी टाकीत हिरव्या औषधात मुरवत. बाहेर काढले की ते दिवसचे दिवस निथळत पडायचे. जमीन हिरवी, नानांची नखं हिरवी, नानांचं धोतर हिरवं. आम्ही कामगारांची पोरं आवाराच्या कडेच्या खोल्यांत राहायचो आणि मधल्या विहिरीचं पाणी प्यायचो. खांबांची कापून उरलेली टोकं शेठ आम्हाला चुलीसाठी फुकट द्यायचा. ते त्याचं चांगुलपण होतं असं सगळे मानत, मीही मानते. त्या लाकडावर आमचा स्वयंपाक व्हायचा. त्याच्या राखेने माय भांडी घासायची, आम्ही दात घासायचो. राख मऊ होती, भांडी लख्ख निघायची.

त्या हिरव्या औषधात मोरचूद होतं आणि सोमल होता, म्हणजे आर्सेनिक, जहाल विष. हे मला या वर्षी कळलं.

सांगितलं प्रकाशचंदने. भंवरलाल शेठचा धाकटा मुलगा, सुंदर, तुला आठवत असेल, बंगल्याच्या गच्चीवरून पतंग उडवायचा. तो आता जळगावला कातडीचा डॉक्टर आहे. वनाभाऊंचा पाय कापला तेव्हा तो त्यांना भेटायला गेला आणि तिथून आवारातली माणसं शोधत सुटला. माझ्या शाळेत येऊन थेट वर्गाच्या दारात उभा राहिला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला हे कुणी सांगितलंय करायला?" त्याने मूठ उघडून दाखवली. म्हणाला, "मी पण त्याच विहिरीचा, अक्का. बंगल्यातही तेच पाणी होतं. आई गेली, तीही अशीच."

मागच्या रविवारी त्याच्याबरोबर पाचोऱ्याला गेले. आवार बघितलं. टाकी गंजून पडली आहे. विहीर बुजवली आहे. पण कुंपण उभं आहे, सुंदर. नानांनी उरलेल्या खांबांचे तुकडे पुरून केलेलं कुंपण. आपल्याकडे लाकडाचं कुंपण दोन पावसाळे टिकत नाही, वाळवी भुगा करते. हे पंचवीस वर्षं जसंच्या तसं आहे, नुसतं करडं पडलंय. मी हात लावला तर हाताला ओल लागल्यासारखी वाटली. ओल नव्हती.

प्रकाशचंदने खिशातून गुळाचा खडा काढून जमिनीवर ठेवला. म्हणाला, "बसू थोडं." आम्ही टाकीच्या सावलीत बसलो. बाहेर रस्त्यावर बैलगाड्या कापूस घेऊन चालल्या होत्या, पलीकडे रेल्वेच्या शिट्ट्या. आत काहीच नाही. किडा नाही, नाकतोडा नाही, सरड्याची सरसर नाही. गुळाला एक मुंगी लागली नाही. शेवटी मी उठले, मला बसवेना.

निघताना एक गोष्ट दिसली ती सांगते. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. तिथे प्लॉट पाडतायत. भंवरलाल शेठ गेल्यावर थोरल्या मुलाने जमीन विकली. प्रकाशचंद म्हणाला, "मी भावाला सगळं समजावलं. तो म्हणतो, पंचवीस वर्षांत पावसाने धुऊन नाही का गेलं?"

हात बघितलास का?

तुझी
अक्का


धुळे, १८ जानेवारी १९९८

चि. सुंदर,

तुझं कार्ड मिळालं. तीनच ओळी, पण तुझ्या हातच्या. संक्रांतीच्या दिवशीच आलं. यांनी, म्हणजे तुझ्या भाऊजींनी, डेपोतून येऊन आधी कार्डच हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. चुडामणराव एस.टी.चं इंजिन दुरुस्त करणारा माणूस, सहसा डोळ्यांतून पाणी काढत नाहीत.

तू लिहितेस, 'माझे हात बरे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीचं विष आज कुठून येणार? माय गेल्यावर माझी आठवण कशाला?'

तिसऱ्याचं उत्तर नंतर देते. दुसऱ्याचं आधी, कारण मीही प्रकाशचंदला तेच विचारलं होतं. माझी नखं आणि केस त्याने मुंबईला तपासायला पाठवले. त्यात सोमल नाही. इतरांच्या असतो तितकाच, म्हणजे काही नाही. विष शरीरातून केव्हाच निघून गेलं. मग मी म्हटलं, "गेलं ना? मग मला कोण धरून बसलंय?"

मग त्याने त्याच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळच्या जुन्या पोथ्या आहेत, हाताने लिहिलेल्या. पोथी लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर लिहिणारा त्यावर पिवळा हरताळ फासायचा. अक्षर पुसलं जात नाही, खाली तसंच असतं. पण वाचणारा ते सोडून पुढे जातो. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते यावरून. तो म्हणाला, "अक्का, प्रत्येक पेशीच्या पोटात एक पोथी असते. आईबापांकडून आलेली. सगळ्या पेशींत तीच पोथी. पण कातडीच्या पेशीने कोणतं पान वाचायचं, फुप्फुसाच्या पेशीने कोणतं सोडायचं, हे त्या पोथीवरच्या खुणांवरून ठरतं. अक्षरांवरून नाही, खुणांवरून. सोमल बहुतेक अक्षरांना हात लावत नाही. तो खुणा बिघडवतो. जे पान मिटलेलं राहायला हवं त्याच्यावरचा हरताळ खरवडून निघतो. जे पान पेशीला आवर घालतं, त्याच्यावरच फासला जातो. मग सोमल निघून जातो. पण पेशी दुभंगून नवी झाली की ती खुणांसकट नक्कल उतरवते. तिची नक्कल पुन्हा तशीच. वीस वर्षं, तीस वर्षं."

मी म्हटलं, "म्हणजे माणूस गेला, पण त्याने सांगितलेलं घर करून राहिलं."

"तसंच. आणि गंमत बघा, हरताळ म्हणजे सोमलाचाच सख्खा भाऊ, त्यातही आर्सेनिकच." हे सांगताना तो हसला.

हे पक्कं आहे का, असं मी विचारलं. तो खोटं बोलत नाही, तेवढा गुण आहे त्याच्यात. म्हणाला, "नाही. परदेशात आत्ता कुठे लोक हे शोधतायत. काचेच्या भांड्यात पेशी वाढवून त्यांना थेंब थेंब सोमल पाजतात. काही आठवड्यांनी त्या पेशी कॅन्सरसारख्या वागायला लागतात, आणि बघतात तर खुणा पुसट झालेल्या. माणसात असंच होतं की नाही, ते अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण मला आपली माणसं बघून तसं वाटतं."

तेव्हा सुंदर, मंजुळाबाई म्हणते ते खरं नाही. आवार कुणाला हाक मारत नाही. हाक मारायची त्याला गरजच नाही. आपण त्याला बरोबर घेऊन निघालो. तू इटारसीला नेलंस, मी धुळ्याला आणलं.

आता एक सांगायचं राहिलं होतं ते सांगते. कार्डावर पत्त्याशेजारी तू विचारलंस, अक्षर असं कसं झालं? माझी उजवी करंगळी काढली, दिवाळीच्या आधी. नखाशेजारी लाल चट्टा होता, खरूज समजून मी मलम चोळत होते. त्यात कॅन्सर निघाला. लिहिताना करंगळीच्या कडेवर हात टेकतो हे मला ती गेल्यावर कळलं. आता हात घसरतो. फळ्यावर तर ओळ खालीच जाते, मुलं हसतात. दुसरं काही विशेष नाही. छातीचा फोटो काढायला सांगितलाय.

'हात बरे आहेत' म्हणजे तू बघितलेस, की न बघताच लिहिलंस?

तुझी
अक्का


धुळे, २९ मार्च १९९८

चि. सुंदर,

बसून वाच. मंदा घरी असेल तेव्हा वाच.

पाचोऱ्याला प्लॉटच्या पायासाठी खणायला लागलेत. गेल्या गुरुवारी प्रकाशचंदचा शाळेत फोन आला, ताबडतोब या. मी आणि हे दुपारच्या गाडीने गेलो. बोरीच्या झाडाच्या बाजूला, कुंपणाच्या कोपऱ्यात माणसं गोळा झाली होती. मजूर काम टाकून लांब बसले होते. एक म्हातारा मजूर हात जोडून म्हणत होता, "मी कुदळ हळूच मारी व्हती, माले माहीत नव्हतं."

बोरीचा कोपरा. तुला सांगायला नको तिथे कोण होतं.

झुलाल होता, सुंदर.

आपला दीड वर्षाचा भाऊ झुलाल, ६९ सालच्या उन्हाळ्यात नानांनी तिथे पुरला तो. काल निजवल्यासारखा होता. कातडी काळपट हिरवी आणि अंगाला चिकटलेली, जुन्या वहाणेच्या चामड्यासारखी. पण नाक होतं. पापण्यांचे केस होते. एक मूठ छातीशी. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं ना, ते सगळं तसंच कपाळावर. मी ओळखलं ते अंगड्यावरून. नानांच्या जुन्या खाकी सदऱ्याचं तू शिवलेलं, बाह्या उलट्या लागलेल्या. माय तुला हसली होती त्या बाह्यांवरून.

जमिनीने त्याला घेतलंच नव्हतं. जी माती किड्यामुंगीला जगू देत नाही, ती पोराला कशी मुरवणार?

मी खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं. आणि तेव्हा प्रकाशचंद खाली वाकून म्हणाला, "अक्का, अजून आहेत."

एक झुलाल नव्हता, सुंदर. ओळीने पाच होते. पाच लेकरं, सगळी तान्ही नाहीतर नुकती चालायला लागलेली, सगळी तशीच, अखंड. एक वनाभाऊची मुलगी, तिच्या पायात काळा दोरा. मंजुळाबाईला बोलावून आणलं, तिने दोरा बघितला आणि नुसती ऊं ऊं करत राहिली. आयुष्यभर तिने मला सांगितलं नव्हतं की तिचं एक गेलं होतं. ती म्हणाली, "मन्ही सासू म्हने, तुन्हं दूध बाधलं. मी तेच धरी बसनू." दुसऱ्या एकीने जावेची नजर धरली होती. आणखी एकीने नवऱ्याने पाळलेलं कुत्रं मारलं त्याचा शाप धरला होता. प्रत्येक घरात एक पोर गेलं आणि प्रत्येक घराने आपापल्या घरातच एक गुन्हेगार शोधून काढला. पलीकडच्या खोलीत काय झालं हे कुणी कुणाला विचारलं नाही. लहान पोर रातोरात कोपऱ्यात नेऊन पुरायचं, त्याचं बोलायचं नाही, ही आपली रीत.

आपल्या घरातली गुन्हेगार तू होतीस.

मंदा, तू वाचत असशील तर ऐक. तुझी आई तेव्हा अकरा वर्षांची होती. झुलाल तिच्याच कडेवर असायचा. त्या दिवशी तिने त्याला विहिरीचं पाणी पाजलं, जे आम्ही सगळे पीत होतो तेच. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. दुसऱ्या दिवशी तो गेला. आणि माय, जी तोवर कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही, ती पाच बायांसमोर म्हणाली, "या पोरनी खादा मन्हा झुलालले." त्यानंतर मायने तिच्या हातचं पाणी कधी प्यायलं नाही. एका घरात सहा वर्षं. तुझी आई सतरा वर्षांची झाली आणि रेल्वेतल्या पहिल्या बऱ्या माणसाबरोबर लग्न करून निघून गेली, ती परत आली नाही. मला तिचा राग यायचा. आता येत नाही.

सुंदर, प्रकाशचंदला मी विचारलं, "याच्या केसांत सोमल निघाला तर सिद्ध होईल ना?" तो म्हणाला, "निघेलच. पण इतकी वर्षं त्या मातीत होते, मातीतूनही शिरला असेल. मी शपथेवर सांगणार नाही." मग त्या ओळीकडे बघून म्हणाला, "पण याला शपथ कशाला पाहिजे?"

पाचही पोरांना काही तू पाणी पाजलं नव्हतंस.

तुझ्या कार्डातल्या तिसऱ्या ओळीचं हे उत्तर आहे. माय गेल्यावर तुझी आठवण कशाला, तर माय चुकली म्हणून. ती असती तर मी तिला इथे आणून हे दाखवलं असतं.

पोलीस येऊन गेले, पंचनामा झाला, आता ज्याची त्याला सोपवणार आहेत. आवारात परत पुरायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे. नानांचे चुलतभाऊ भटूभाऊ एरंडोलजवळच्या मळ्यात जागा देतो म्हणाले. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

तू आल्याशिवाय मी त्याला हलवू देणार नाही.

तुझी
अक्का


धुळे, १२ जुलै १९९८

चि. सुंदर,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. मंदाचं अक्षर सुरेख आहे.

तू गेल्यापासून घर मोकळं वाटतं. स्टेशनवर उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, हे तुला लागलं ते मला समजलं. मी सतरा वर्षांची पोर शोधत होते. समोर पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, कोठे शे तो?"

मळ्यात तू जे केलंस त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. भटूभाऊ म्हणत होते, पोरीला बघू देऊ नका, झाकूनच ठेवा. तू ऐकलं नाहीस. फडकं बाजूला केलंस, त्याला उचललंस आणि कडेवर घेतलंस. तसाच, डाव्या कडेवर. केळीच्या बागेतून विहिरीपर्यंत चालत गेलीस आणि परत आलीस. आम्ही सगळे उभे होतो. मंजुळाबाईने तोंडात पदर कोंबला. मला आधी भीतीच वाटली, खरं सांगते, तुझ्या खांद्यावर ते काळं हिरवं डोकं आणि तू काहीतरी पुटपुटत होतीस. मग जवळ आलीस तेव्हा ऐकू आलं. तू त्याला नावं ठेवत होतीस. "किती जड व्हयना रे तू, किती जड व्हयना." आणि मग स्वतःच खड्ड्यात उतरून ठेवलंस.

आता तुझ्या तपासणीचं. प्रकाशचंदने कागद पाठवले, मी दोनदा वाचले. तुझ्या तळहातावर दाणे होते, आहेत. पाठीवरचा तो रुपयाएवढा खरबरीत चट्टा त्याने काढला ते बरं झालं. कॅन्सर आतल्या आत होता, कातडीच्या वरच्या थरातच, खाली उतरलेला नव्हता. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर उतरला असता. आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं, जन्मभर. तू चिडून म्हणालीस, "जन्मभर?" हो, जन्मभर.

मंदाच्या सोयरिकीचं तू लिहिलंस, मुलाकडच्यांना पाचोऱ्याची कुणकुण लागली आहे आणि ते विचारतायत की हे रक्तात उतरतं का. मी प्रकाशचंदला विचारलं. तो म्हणाला, "अक्षरं तर तीच आहेत, चांगली आहेत. खुणा मुलांपर्यंत जातात की जन्माआधी धुऊन निघतात, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. बहुतेक धुऊन निघत असाव्यात." मी म्हटलं, मी लोकांना 'बहुतेक' कसं सांगू? तो म्हणाला, "माझ्या मुलीलाही मी तेच सांगितलंय."

तू त्यांना खरं ते सांग. न सांगता लावलेलं लग्न नको. नाही म्हणाले तर म्हणू देत, मंदा शिकतेय.

माझ्या छातीच्या फोटोत उजवीकडे डाग निघाला. तू असताना बोलले नाही. तू झुलालसाठी आली होतीस, मला मध्ये यायचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुंबईला नेतायत. रजेचा अर्ज दिला आहे.

तुझी
अक्का


धुळे, १५ नोव्हेंबर १९९८

चि. सुंदर,

फुप्फुसाचा एक भाग काढला. जिना चढताना थांबावं लागतं, बाकी ठीक. डॉक्टर म्हणतात वर्ष-दोन वर्षं बघू. तुझे भाऊजी मला बरं वाटावं म्हणून पाठ करून ठेवलेलं हसू आणतात चेहऱ्यावर. मंदाचं ठरलं हे वाचून आनंद झाला. मुलाची आई म्हणाली, "आमच्या घरात दमा आहे, आम्ही सांगितला का?" ते मला फार आवडलं. बाई शहाणी आहे.

मी परवा पाचोऱ्याला जाऊन आले. हे नको म्हणत होते. प्रकाशचंदने सरकारी कचेरीत अर्ज दिले, पाण्याचा नमुना दिला, जिल्ह्याला जाऊन आला. बघतो म्हणाले. म्हणून मी म्हटलं आपणच जाऊन बघावं.

प्लॉटवर घरं झाली आहेत, सुंदर. लहान लहान, रंग दिलेली. अंगणात तुळस, दोरीवर कपडे. जिथे खांब निथळायचे तिथे एक हापसा बसवला आहे, भोवती सिमेंटचा ओटा. मी त्या ओट्यावर टेकले, दम लागला होता. समोरच्या घरातून एक बाई आली, पंचविशीची असेल, कडेवर वर्षाचं मूल. माझ्याकडे बघून म्हणाली, "दम लागना का? थांबा." आत गेली आणि स्टीलचा पेला भरून पाणी आणलं. इतकं स्वच्छ की पेल्याचा तळ दिसत होता.

"प्या ना, अक्का. भलतं गोड पानी शे. बठ्ठा पाचोरामा असं पानी नई."

मूल पेल्याकडे हात करत होतं. तिने त्याच्याच ओठांना आधी पेला लावला, एक घोट पाजला, मग माझ्यापुढे धरला.

मी तिला सांगितलं. सगळं नाही सांगता येत, पण सांगितलं. टाकीचं सांगितलं, नानांचं सांगितलं. माझा चार बोटांचा हात दाखवला. मुलांचं सांगितलं नाही, तिच्या कडेवर ते होतं म्हणून. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "ती म्हातारी परत उनी का? लक्ष नको देऊ." म्हणजे माझ्या आधी मंजुळाबाई येऊन गेली असावी.

बाईने पेला ओट्यावर ओतला. पाणी सिमेंटवरून मातीत गेलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी पोटुशी व्हतू तवय बी हाईच पानी पिनू." मुलाची मूठ उघडून तिने त्याचा तळवा बघितला, अंगठ्याने चाचपला. मऊ होता, मला दिसत होतं. मग तिने मला विचारलं, "आते बंद करं ते चाली ना, अक्का? आजपाईन बंद करं ते काही नई व्हनार ना?"

सुंदर, मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं. मुलांनी विचारलं आणि मला येत नसेल तर येत नाही म्हणून सांगायचे.

मी म्हटलं, "हो. आजपासून बंद कर. काही नाही होणार."

तिने मान डोलावली, मूल घट्ट धरलं, आत गेली आणि माठ उपडा केल्याचा आवाज आला. मी उठले. रस्त्यापर्यंत पोचले तेव्हा मागे शेजारचं कुणीतरी घागर घेऊन हापसायला लागलं होतं.

तुझी
अक्का